कचऱ्याची राखण कोणी करायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नगरपालिकेच्या राजकारणात कचरा हा विषय दोनच प्रसंगी ऐरणीवर येतो. गल्लीतली कचराकुंडी चार दिवस भरून वाहू लागली म्हणजे, आणि एखाद्या गावाने कचऱ्याच्या गाड्या अडवल्या म्हणजे. कुंडी रिकामी झाली की पहिला प्रसंग संपतो. गाड्या दुसऱ्या गावाकडे वळल्या की दुसरा. गाडीतून गेलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते, हा या दोहोंच्या मधला खरा प्रश्न. तो सभागृहात सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर अभियंत्यांनी आणि कंत्राटदारांनी द्यायचे, असा अलिखित संकेतच पडून गेला आहे. कष्टकऱ्यांच्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हा संकेत मान्य करून चालणार नाही. कारण कचरा जेथे पुरला जातो, तेथेच बहुधा कष्टकऱ्यांची वस्ती असते. आणि पुरलेला कचरा संपत नाही, तो केवळ नजरेआड होतो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर गाड्या रिकाम्या करीत राहणे याला क्षेपणभूमी, डंपिंग ग्राउंड किंवा कचरा डेपो म्हणतात. ज्या जागेचा तळ आधी बांधून घेतलेला असतो, जेथे कचरा थराथराने दाबून रोजच्या रोज झाकला जातो आणि ज्यातून निघणारे पाणी व वायू धरून ठेवण्याची व्यवस्था असते, ती शास्त्रीय भरावभूमी. आपल्याकडे पहिलीलाच दुसरीचे नाव देण्याची रीत पडली आहे. निविदेत भरावभूमी लिहिलेली असते आणि जागेवर गेल्यावर डोंगर दिसतो. दोहोंतला फरक ओळखायचा तर शास्त्रीय भरावभूमी कशी चालते हे समजून घ्यावे लागते, आणि ते समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रेस्नो या शहरी झाली, असे मानले जाते. १९३७ साली जीन विन्सेन्झ या अभियंत्याने तेथे चर खणून त्यांत कचरा टाकायचा, तो दाबायचा आणि दिवसाअखेर मातीने झाकायचा, असा शिस्तीचा प्रघात घातला. माश्या, उंदीर, दुर्गंधी आणि आगी यांना त्यामुळे आळा बसला. अन्यत्र शहराबाहेर उघड्यावर कचरा जाळला जात असे, त्या मानाने ही मोठीच सुधारणा होती. हे भरावक्षेत्र १९८७ साली बंद झाले. पुढे दोन वर्षांतच, भूजलात आणि आसपासच्या जमिनीत झिरपलेल्या प्रदूषणामुळे, त्याची गणना अमेरिकेतल्या सर्वांत दूषित स्थळांच्या सरकारी यादीत झाली. आणि २००१ साली तेच ठिकाण राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाले. आधुनिक भरावभूमीचा पहिला नमुना आणि प्रदूषणाचा सरकारी नमुना, हे दोन्ही मान एकाच जागेला मिळाले. विन्सेन्झने कचरा वरून झाकला होता, पण खालचा तळ बांधला नव्हता. एका पिढीने ज्याला शास्त्रीय म्हटले त्याची निस्तरणी दुसऱ्या पिढीला करावी लागते, हा धडा या शास्त्राच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

आजच्या भरावभूमीचे सारे लक्ष या तळावर असते. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलेली रचना अशी होती: सर्वांत खाली ९० सेंटिमीटर जाडीचा दाबलेल्या चिकणमातीचा थर, ही माती इतकी दाट की पाण्याला तिच्यातून एक सेंटिमीटर खाली उतरायला काही महिने लागावेत. त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लॅस्टिकचे अखंड अस्तर. भूजलाची सर्वांत वरची पातळीही या मातीच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असली पाहिजे. अस्तरावर खडीचा थर आणि त्यात भोके पाडलेल्या नळ्या. कचऱ्यातून पाझरून येणारे काळे पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, ते या नळ्यांतून एका टाकीत उतरते आणि तेथून उपसून शुद्धीकरणाला जाते. अस्तरावर हे पाणी साचू द्यायचे नाही, हा मुख्य नियम. अमेरिकेत ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक पाणी तळावर उभे राहता कामा नये अशी मर्यादा आहे. कारण जितके पाणी उभे, तितका अस्तरावरचा दाब अधिक आणि प्रत्येक भोकातून होणारी गळतीही अधिक.

या तळावर कचरा थर देऊन दाबला जातो. रोज संध्याकाळी त्यावर किमान १० सेंटिमीटर माती किंवा राडारोडा पसरायचा आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचे दाट आवरण घालायचे, असे आपले नियम सांगत आले. जागा भरली की वरही चिकणमातीचे झाकण, त्यावर पाणी वाहून नेणारा थर, त्यावर माती आणि गवत. झाकणातून खाली उभ्या विहिरी घेतलेल्या असतात. त्या पाण्याच्या नव्हेत, वायूच्या. या विहिरींतून वायू शोषून घेऊन एक तर जाळून टाकतात, नाही तर शुद्ध करून त्यावर इंजिने चालवून वीज करतात. भोवताली भूजलाच्या तपासणीसाठी वेगळ्या विहिरी असतात. अस्तर फाटले तर ते प्रथम या विहिरींच्या पाण्यातून कळते, म्हणून त्यांच्या तपासणीचा अहवाल हा भरावभूमीचा खरा आरसा होय.

आता या झाकलेल्या पोटात काय घडते ते पाहू. कचरा पडल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्यात हवा अडकलेली असते. उकिरड्यात घडते तेच तेव्हा घडते: हवेवर जगणारे जीवाणू अन्नाचे तुकडे खातात, ऊब वाढते, कर्बवायू निघतो. पण वरून माती आणि नवे थर पडत जातात आणि आतला प्राणवायू लवकरच संपतो. मग विनाप्राणवायू जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. त्यांची पहिली टोळी अन्न आंबवते. लोणचे आंबावे तसे हे आंबणे. त्यातून तऱ्हेतऱ्हेची आम्ले तयार होतात. या काळातले लीचेट सर्वांत जहाल असते. आम्लामुळे धातू विरघळतात आणि पाण्यात मिसळतात. हे पाणी ओढ्यात गेले तर त्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, दुसरी टोळी जोर धरते. ती आम्ले खाऊन मिथेन सोडते. भरावभूमीचा वायू म्हणजे मुख्यतः निम्मा मिथेन आणि निम्मा कर्बवायू. हा मिथेन पुढे दशकानुदशके निघत राहतो. आम्ले संपल्यामुळे लीचेट या टप्प्यात काहीसे सौम्य होते, पण त्यातला अमोनिया कमी होत नाही, कारण प्राणवायूवाचून त्याचा निचरा होण्याची वाटच आत उरलेली नसते.

या वायूचे दोन धोके आहेत. एक जवळचा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ठिणगी पुरते. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात लॉस्को नावाचे गाव आहे. तेथे एका जुन्या खाणीत कचरा भरलेला होता. मार्च १९८६ मध्ये वातावरणाचा दाब एकाएकी उतरला, जमिनीत कोंडलेला वायू खडकाच्या फटींतून शेजारच्या घराखाली शिरला आणि स्फोटात ते घर जमीनदोस्त झाले. आतली माणसे गंभीर जखमी झाली. भराव मातीने झाकलेला होता, वर काहीच दिसत नव्हते. दुसरा धोका दूरचा. हवामान तापवण्यात मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे ८० पट प्रभावी आहे. वायूविहिरी सगळा मिथेन पकडू शकत नाहीत. शिवाय अन्न लवकर कुजते आणि विहिरी व झाकण बरेचदा जागा भरल्यावर पुरी होतात. तोवर पहिला मोठा लोंढा आकाशात गेलेला असतो.

यावर साहजिकच प्रश्न येतो: कचरा कुजतो आहे, वायू निघतो आहे, म्हणजे कधी तरी सारे कुजून माती होईल की नाही? अॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी १९७३ पासून कचऱ्याचा अभ्यास चालवला होता. प्राचीन नगरे खणणारे शास्त्र त्यांनी आपल्याच काळाच्या उकिरड्याला लावले, आणि १९८७ पासून भरावभूमी प्रत्यक्ष खणून पाहिल्या. त्यांना दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा अवस्थेत सापडली. किंबहुना कोणता थर कोणत्या सालचा हे त्यांनी या वर्तमानपत्रांवरच्या तारखांवरून ठरवले. कारण उघड आहे. कागदातले आणि लाकडातले लिग्निन हवेवाचून जवळजवळ कुजतच नाही. आणि दाबून कोरडा ठेवलेला कचरा मुरण्यासाठी जी ओल लागते ती झाकणाने अडवलेली असते. प्लॅस्टिक, काच, रबर यांची तर गोष्टच नको. तात्पर्य, भरावभूमी हे कुजवण्याचे यंत्र नव्हे. ते कुजणे लांबवण्याचे आणि लांबलेल्या कुजण्यावर पहारा ठेवण्याचे यंत्र आहे.

हे ध्यानात आल्यावर या शास्त्रात दोन मते पडली. एक मत म्हणते, पाणी आत जाऊच देऊ नये. कचरा कोरडाच पुरून ठेवावा. याला अभियंतेच थट्टेने कोरडे थडगे म्हणतात. अडचण अशी की झाकण कधी तरी तडकणार, पाणी आत जाणार आणि थांबलेले कुजणे पन्नास वर्षांनी पुन्हा सुरू होणार. त्या वेळी पहारेकरी असेल याची शाश्वती नाही. दुसरे मत म्हणते, जमलेले लीचेटच पुन्हा कचऱ्यात फिरवावे, ओल पुरेशी ठेवावी, म्हणजे जीवाणू झपाट्याने काम करतील आणि अनेक दशकांचे कुजणे थोड्या वर्षांत उरकेल. याला बायोरिॲक्टर पद्धत म्हणतात. मुंबईत कांजूरमार्गला हीच पद्धत स्वीकारलेली आहे. ही पद्धत चूक नाही, पण ती अधिक शिस्त मागते. आत अधिक पाणी म्हणजे तळावर अधिक दाब आणि उतार घसरण्याचा अधिक धोका. वेगाने वायू म्हणजे वायूविहिरी पहिल्या दिवसापासून चालू असण्याची गरज. पहाऱ्यात हयगय झाली तर आसपासच्या वस्तीला तिचे पहिले वर्तमान नाकानेच कळते.

आपल्या देशात या दोन्ही मतांपुढे एक आडवी भिंत आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो: भाजीची देठे, सालपटे, उष्टे, चहाचा चोथा. शिवाय पाऊस चार महिन्यांत कोसळतो. मुंबईत तो दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे लीचेटही सर्वाधिक आणि मिथेनही सर्वाधिक. म्हणूनच २००० सालच्या नियमांनी आणि पुढे २०१६ च्या नियमांनी सांगितले की भरावभूमीत केवळ निष्क्रिय, न कुजणारा, ज्याचा अन्य उपयोग नाही असाच कचरा जावा. कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभारण्यासाठी २००० च्या नियमांनी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत दिली होती. ती मुदत उलटून दोन दशके लोटली, तरी बहुतेक शहरांचा मिश्र कचरा जसाच्या तसा जमिनीत जात राहिला. भरावभूमी अपयशी ठरते ती बहुधा अस्तरामुळे नव्हे. जे तिच्या पोटात जायलाच नको होते त्यामुळे.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आहे. तिला तळ नाही, अस्तर नाही. खाडीच्या दलदलीवर कचरा पडत गेला आणि त्याच्या कडेला गोवंडीच्या वस्त्या वाढल्या. शहराने ज्यांना अन्यत्र जागा दिली नाही ती माणसे येथे राहिली आणि कचऱ्यातून उपजीविका करू लागली. जानेवारी २०१६ च्या अखेरीस येथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ साली बंद झाली. गोराईची क्षेपणभूमी १९७२ पासून चालली होती. सुमारे २० हेक्टरवर सरासरी २६ मीटर उंच ढीग उभा होता. २००७ नंतर तो उतार देऊन, माती आणि प्लॅस्टिकच्या अस्तराने झाकून, वायूविहिरी खोदून बंद करण्यात आला. डोळ्यांना तेथे हिरवी टेकडी दिसते. पण खाली तळ नव्हताच. तो मागाहून घालता येत नाही.

कांजूरमार्गचा वाद तर जमिनीचाच आहे. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याचा निकाल काय लागेल तो लागो. खाडीच्या काठी भरावभूमी उभारली जाते तेव्हा शहराला दुसरी जागाच उरलेली नसते, आणि जागा उरत नाही कारण कचरा कमी करण्याचे काम कोणी केलेले नसते, हे त्यातून दिसते. २०१६ साली कचऱ्याची व्यवस्था नाही या कारणास्तव उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांवरच बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती सशर्त शिथिल केली. इमारती पुन्हा उभ्या राहू लागल्या. कचऱ्याची व्यवस्था मात्र त्या वेगाने उभी राहिली नाही.

यापुढचा प्रश्न वेळेचा आणि पैशाचा आहे. भरावभूमी वीस-पंचवीस वर्षे भरली जाते. बंद झाल्यावर तिची देखभाल किमान १५ वर्षे व्हावी, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते; अमेरिकेत हा काळ ३० वर्षांचा धरला जातो. परंतु लीचेटमधला अमोनिया आणि प्लॅस्टिकवरच्या लेपांमधून येणारी चिवट रसायने या मुदतीला बांधलेली नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली स्वतःच्या नियमांचा मसुदा मांडताना कबूल केले होते की उत्तमातले उत्तम अस्तरही निसर्गक्रमाने अखेर निकामी होणार. म्हणजे कंत्राट पंचवीस वर्षांचे, राखण पंधरा वर्षांची आणि धोका त्याहून पुष्कळ लांबचा. नफा पहिल्या टप्प्यात वाटला जातो, खर्च शेवटच्या टप्प्यात येतो, आणि त्या वेळी कंत्राटदार तेथे नसतो. नगरपालिका असते, आणि वस्ती असते.

ही वस्ती कोणाची, हे जगभर एकच दिसते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात वॉरन परगण्यात १९८२ साली विषारी पीसीबी मिसळलेली माती पुरण्यासाठी भरावभूमी केली गेली. परगणा गरीब, बहुसंख्य लोक कृष्णवर्णी. स्त्रीपुरुष रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिकांना अटक झाली. माती तेथेच पुरली गेली. पण ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या दारात कचरा का, हा प्रश्न तेथून देशभर गेला. आणि सुरक्षित म्हणून बांधलेली ती भरावभूमी शेवटी उघडून, आतली माती सरकारलाच शुद्ध करावी लागली. ते काम २००३ साली संपले. मनिलाजवळ पयातास येथे जुलै २००० मध्ये पावसाने कचऱ्याचा डोंगर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. इंडोनेशियात लेउविगाजा येथे फेब्रुवारी २००५ मध्ये तेच घडले, १४० हून अधिक मृत्यू. श्रीलंकेत मीतोतमुल्ल येथे एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा तेच. गाडले गेलेले लोक कचरा वेचणारे किंवा त्याच्या पायथ्याशी राहणारे होते.

महाराष्ट्रात पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, टँकर मागवावे लागले, आणि ग्रामस्थांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. औरंगाबादेत फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातल्या लोकांनी गाड्या थांबवल्या. महापालिका दुसरी जागा शोधू लागली आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. येथे कार्यकर्त्याने सावध राहिले पाहिजे. एका गावाची बाजू घेऊन दुसऱ्या गावाच्या दारात गाडी वळवणे हा विजय नव्हे. नारेगाव आणि मिटमिटा या दोन्ही गावांचे गाऱ्हाणे खरेच होते. खोटे होते ते शहराचे अशी समजूत करून घेणे की कुठली तरी तिसरी जागा कायम शिल्लक आहे.

यावर दोन झटपट उपाय सुचवले जातात. कचरा जाळून वीज करावी, हा पहिला. पण ओल्या कचऱ्यात पाणी इतके असते की तो स्वतःच्या उष्णतेने धड जळत नाही. आणि जाळल्यावर उरणारी राख, विशेषतः धुरातून गाळलेली बारीक राख, पुन्हा भरावभूमीतच न्यावी लागते. दुसरा उपाय बायोमायनिंगचा, म्हणजे जुने ढीग उपसून, वाळवून, चाळून माती, प्लॅस्टिक आणि दगड वेगळे करण्याचा. हे काम आवश्यक आहे. जुने ढीग असेच ठेवणे अधिक घातक. पण चाळणीखाली येणाऱ्या मातीत जड धातू आणि क्षार असतात, ती शेतात किंवा खाचरात टाकून मोकळे होता येत नाही. २०२४ साली राज्य सरकारने देवनारच्या क्षेपणभूमीपैकी सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरवले, आणि २०२५ साली महापालिकेने तेथला सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा उपसण्याची निविदा काढली. बेघराला घर मिळाले पाहिजे, यात दुमत नाही. परंतु नव्वद वर्षांहून जुन्या ढिगाच्या जमिनीत वायू उरला आहे काय, पाणी कुठवर दूषित आहे, हे मोजून ते आकडे राहणाऱ्यांसमोर मांडल्याखेरीज तेथे माणसे वसवणे म्हणजे लॉस्कोचा धोका गरिबांच्या नावावर लिहून देणे आहे.

मग भरावभूमीला सरसकट विरोध करावा काय? नाही. फुटकी काच, चिनी मातीचे तुकडे, राख, मिश्र वेष्टने असे काही तरी प्रत्येक शहरात उरणारच, आणि ते नीट बांधलेल्या तळावरच ठेवावे लागेल. भूमिका एवढीच असावी की भरावभूमी लहान हवी आणि तिच्यात ओले काही जाऊ नये. हे स्वप्नरंजन नाही. युरोपीय समुदायाने १९९९ साली ठरवले की भरावभूमीत जाणारा कुजणारा कचरा टप्प्याटप्प्याने १९९५ च्या पातळीच्या ३५ टक्क्यांवर आणायचा; जर्मनीने १ जून २००५ पासून प्रक्रिया न केलेला कचरा पुरण्याला बंदीच केली. आपल्याकडे या कामाचे जाणकार आधीपासून आहेत. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून त्याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. कचरावेचक स्त्रीने वेगळा काढलेला प्रत्येक किलो भरावभूमीच्या पोटात जात नाही. तिच्या श्रमाने शहराची जमीन वाचते, आणि त्याचा मोबदला तिला भंगाराच्या भावाखेरीज मिळाला पाहिजे.

म्हणून नगरपालिकेच्या पुढच्या सभेत, निविदा मंजुरीला येईल तेव्हा, प्रत्येक कार्यकर्त्याने आणि नगरसेवकाने काही साधे प्रश्न विचारावेत. भरावभूमीत रोज किती ओला कचरा जातो, आणि तो वेगळा काढण्याचे काम कोणाकडे, किती वेतनावर आहे? तळाशी लीचेट किती उभे आहे, हे कोण मोजतो? भूजलाच्या तपासणीचा अहवाल वस्तीतल्या लोकांना मराठीत वाचायला मिळतो काय? बंद झाल्यावरच्या राखणीसाठी वेगळा निधी आजच बाजूला काढला आहे काय, की तो पुढच्या सभागृहावर सोडला आहे? कंत्राटदार निघून गेल्यावर गळतीची जबाबदारी कोणाच्या नावावर राहील?

या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत निविदेला मत देऊ नये. कचरा उचलण्याचे श्रेय घ्यायला सारेच पुढे येतात. तो राखण्याची जबाबदारी मात्र आजवर पायथ्याशी राहणाऱ्यांवर टाकली गेली आहे. ती शहराच्या अंदाजपत्रकात आणणे, हे काम संघटनेचे आहे.